प्रथमा ही खरोखर कर्त्याची विभक्ती आहे का?

प्रश्न : ओळअक्षर

नमस्कार. मराठी मातृभाषा नसलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांना मी गेली काही वर्षे मराठी शिकवते. विभक्तीचा पाठ सुरू करताना मी नेहमी एकच वाक्य सांगत आले आहे, ते म्हणजे ‘प्रथमा ही कर्त्याची विभक्ती, द्वितीया ही कर्माची विभक्ती.’ माझ्या शालेय पुस्तकांतील कोष्टकात हेच होते आणि त्याविषयी शंका घेण्याचे कारण मला कधी पडले नव्हते. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने वहीत तीन वाक्ये लिहून आणली आणि प्रत्येकातील कर्ता कोणता, असे विचारले. ती वाक्ये अशी : ‘मुलगा चित्र काढतो’, ‘मुलाने चित्र काढले’ आणि ‘मुलाला चित्र आवडते’.

पहिल्या वाक्याला अडचण नाही. दुसऱ्या वाक्यात चित्र काढणारा मुलगाच आहे, पण त्याला ‘ने’ लागल्यामुळे तो तृतीयेत गेला आहे आणि ‘चित्र’ मात्र प्रत्ययाविना उभे आहे. तिसऱ्या वाक्यात आपण शाळेत शिकलेली युक्ती वापरली, म्हणजे धातूला ‘णारा’ लावून ‘आवडणारे काय?’ असे विचारले, तर उत्तर ‘चित्र’ असे येते आणि मुलगा कर्ताच राहत नाही. त्यावर ती विद्यार्थिनी म्हणाली, “मग पहिल्या वाक्यातही ‘चित्र’ला काही लागलेले नाही. तेही प्रथमेतच आहे का? एका वाक्यात दोन प्रथमा कशा?” मी तिला पुढच्या तासाला सांगते असे म्हटले आणि तेव्हापासून विचार करते आहे. ‘कर्ता’ आणि ‘प्रथमा’ या दोन गोष्टी एकच आहेत, असे मानण्यातच माझी चूक होत आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : पदच्छेद

नमस्कार ताई. चूक नेमकी तिथेच आहे, आणि ती आपल्या एकट्याची नाही. कर्ता हे कारक आहे, प्रथमा ही विभक्ती आहे. कारक म्हणजे क्रियेशी असलेले नाते, विभक्ती म्हणजे त्या नात्याने शब्दाला दिलेले रूप. एकच नाते निरनिराळ्या रूपांनी दाखवता येते आणि एकच रूप निरनिराळ्या नात्यांसाठी वापरले जाते. आपल्या शालेय कोष्टकात विभक्तीच्या शेजारच्या रकान्यात कारक छापलेले असते आणि ती जोडी कायमची आहे, असा समज त्यातून होतो.

या बाबतीत पाणिनीची मांडणी पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात प्रथमेचा कर्त्याशी थेट संबंधच जोडलेला नाही. अष्टाध्यायीत कर्त्याची व्याख्या ‘स्वतन्त्रः कर्ता’ (1.4.54) अशी आहे. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र, म्हणजे ज्याच्या प्रेरणेने क्रिया चालते, तो कर्ता. या कर्त्याला कोणती विभक्ती लावावी, हे सांगणारे सूत्र मात्र ‘कर्तृकरणयोस्तृतीया’ (2.3.18) हे आहे. कर्त्याची आणि करणाची, म्हणजे क्रियेच्या साधनाची, विभक्ती तृतीया, असे ते म्हणते. पहिल्यांदा वाचताना मी स्वतः येथे बराच वेळ थांबलो होतो.

मग ‘बालकः ग्रन्थं पठति’ या वाक्यात बालकाला तृतीया का नाही? कारण विभक्तीच्या या प्रकरणाच्या आरंभीच ‘अनभिहिते’ (2.3.1) असे अधिकारसूत्र, म्हणजे पुढच्या सर्व सूत्रांना लागू होणारे सूत्र, आहे. जे नाते वाक्यात दुसरीकडे कुठे सांगितले गेलेले नाही, तेच विभक्तीने सांगायचे, असा त्याचा आशय आहे. ‘पठति’मधला ‘ति’ हा प्रत्ययच कर्ता सांगून टाकतो. क्रियापदाने कर्ता सांगितला की नामाने तो पुन्हा सांगण्याची गरज उरत नाही, म्हणून तृतीया येत नाही. मग उरते ते केवळ नाव, आणि त्यासाठी ‘प्रातिपदिकार्थलिङ्गपरिमाणवचनमात्रे प्रथमा’ (2.3.46) हे सूत्र आहे. शब्दाचा मूळ अर्थ, लिंग, परिमाण आणि वचन एवढेच सांगायचे असेल तेव्हा प्रथमा. सूत्रातील ‘मात्र’ हा शब्द फार मोलाचा आहे. प्रथमा ‘हा कर्ता आहे’ असे सांगत नाही, ती फक्त ‘हा बालक आहे’ एवढेच सांगते.

हेच वाक्य फिरवून ‘बालकेन ग्रन्थः पठ्यते’ असे केले की क्रियापद कर्माविषयी बोलू लागते. आता कर्म सांगितले गेले आहे, म्हणून ‘ग्रन्थ’ प्रथमेत जातो, आणि कर्ता न सांगितलेला राहिल्यामुळे त्याला त्याची हक्काची तृतीया मिळते. आपल्या विद्यार्थिनीच्या पहिल्या दोन वाक्यांचे उत्तर याच जोडीत आहे. ‘मुलगा चित्र काढतो’ यात क्रियापद मुलाच्या मागे जाते, ‘मुलगी चित्र काढते’ असे बदलून पाहिले की ते लगेच कळते. ‘मुलाने चित्र काढले’ यात ते चित्राच्या मागे जाते, कारण ‘मुलाने रेघ काढली’ असे म्हटले की क्रियापद बदलते आणि ‘मुलीने’ केले तरी बदलत नाही. क्रियापद ज्याच्याशी जुळते, ते नाम प्रत्ययाविना उभे राहू शकते.

उत्तर : सामान्यरूप

पदच्छेद यांनी पाया नीट घातला आहे. मराठीपुरते मला अधिक बोलायचे आहे, कारण संस्कृतचा साचा मराठीला बसवताना काही ठिकाणी शिवण उसवते आणि नेमक्या त्याच जागी विद्यार्थी प्रश्न विचारतात.

मराठीत विभक्ती ओळखण्याची खरी खूण प्रत्ययाआधी येते. ती म्हणजे सामान्यरूप. ‘घोडा’ला ‘ने’, ‘ला’, ‘चा’ यांपैकी काहीही लावायचे झाले तरी आधी ‘घोड्या-’ असे रूप होते. प्रथमेत हे रूप होत नाही, शब्द सरळ राहतो. विशेषणात तर हा फरक अधिकच ठळक दिसतो. ‘चांगला मुलगा’, ‘चांगली मुलगी’, ‘चांगले मूल’ अशी तीन लिंगांची तीन रूपे सरळरूपात टिकतात, आणि पुढे ‘ने’ किंवा ‘ला’ आले की तिन्ही ठिकाणी एकच ‘चांगल्या’ होते. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना आठ विभक्त्यांच्या आधी दोनच खाने शिकवतो, सरळरूप आणि सामान्यरूप. बाकीचे पुढे सहज येते.

एका वाक्यात दोन प्रथमा कशा, हा विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी रास्त आहे. परंपरेने त्यावर दोन उत्तरे दिली आहेत. ‘चित्र’ हे कर्म आहे, म्हणून ते द्वितीयेत आहे आणि तेथे प्रत्ययाचा लोप झाला आहे, असे एक उत्तर. रूप सरळ आहे तर त्याला प्रथमाच म्हणावे आणि ‘प्रथमान्त कर्म’ ही मराठीची रीत मानावी, असे दुसरे. मला दुसरे प्रामाणिक वाटते. दिसत नसलेला प्रत्यय कोष्टकाच्या सोयीसाठी आहे असे मानणे म्हणजे भाषेने कोष्टकाचे ऐकावे अशी अपेक्षा करणे होय. मराठीत कर्माला ‘ला’ लागते ते मुख्यतः ते सजीव असते तेव्हा, उदाहरणार्थ ‘आई मुलाला उठवते’. निर्जीव कर्म बहुधा सरळरूपातच राहते. शिवाय ‘तो शिक्षक आहे’, ‘ती अध्यक्ष झाली’ अशा वाक्यांतही दोन सरळरूपे असतात आणि तेथे तर कर्माचा प्रश्नच नाही.

आता शिवण उसवते ती जागा. ‘मी चित्र काढले’ हे वाक्य घ्या. ‘त्याने चित्र काढले’ या नमुन्याप्रमाणे ‘मी’ला काहीतरी लागायला हवे होते. हिंदीत ‘मैंने’ होते, मराठीत मात्र ‘मी’ जसाच्या तसा राहतो. क्रियापद चित्राशी जुळते, कर्ताही सरळ दिसतो. मग ‘मी’ प्रथमेत आहे की तृतीयेत? जुन्या मराठीत येथे ‘म्यां’ आणि ‘त्वां’ अशी वेगळी रूपे होती आणि जुन्या व्याकरणांच्या कोष्टकांत ती तृतीयेच्या घरात छापलेली सापडतात. ती रूपे बोलण्यातून गेली, घर मात्र रिकामे राहिले नाही, तेथे ‘मी’ आणि ‘तू’ येऊन बसले.

हे केवळ इतिहासाच्या आधारे म्हणायचे नाही, आजच्या भाषेतही त्याचा पुरावा मिळतो. ‘आम्ही’ या शब्दाशेजारी त्याच व्यक्तींचे वर्णन करणारे नाम ठेवून पाहा. वर्तमानकाळात आपण ‘आम्ही मुले चित्र काढतो’ असे म्हणतो. भूतकाळात ‘आम्ही मुले चित्र काढले’ असे कोणीही म्हणत नाही, सगळे ‘आम्ही मुलांनी चित्र काढले’ असेच म्हणतात. ‘मुलांनी’ हा शब्द उघड तृतीयेत आहे आणि तो ‘आम्ही’चाच जोडीदार आहे, म्हणजे ‘आम्ही’ही आतून तृतीयेतच आहे, फक्त त्याने ते बाहेर दाखवलेले नाही. ‘मी एकटा’ आणि ‘मी एकट्याने’ ही जोडीही अशीच आहे.

‘तू’ची गोष्ट आणखी वेधक आहे. ‘तू चित्र काढलेस’, ‘तू रेघ काढलीस’ या वाक्यांत क्रियापदाचा मधला भाग कर्माचे लिंग सांगतो आणि शेवटचा ‘स’ कर्ता ‘तू’ आहे हे सांगतो. एकाच क्रियापदाने दोघांशी नाते राखले आहे. आपल्या व्याकरणात याला कर्तृकर्मसंकर प्रयोग म्हणतात, आणि हे नाव फार विचारपूर्वक दिलेले आहे.

प्रतिसाद : पदच्छेद

‘आम्ही मुलांनी’ हा पुरावा मला पूर्ण पटला. ‘मी एकट्याने’विषयी मात्र सावध राहावे असे सुचवतो. ‘मी एकट्याने प्रवास करतो’ असे वर्तमानकाळातही म्हटले जाते. तेथे ‘एकट्याने’ हे क्रियाविशेषणासारखे आहे, त्यामुळे त्यावरून ‘मी’ची विभक्ती ठरत नाही.

प्रतिसाद : सामान्यरूप

मान्य. ते उदाहरण मी मागे घेतो. ‘आम्ही मुलांनी प्रवास करतो’ असे कधीच होत नाही, म्हणून पहिले उदाहरण टिकते.

उत्तर : रेघोटी

मी स्पर्धा परीक्षांसाठी व्याकरण शिकवते, म्हणून व्यवहाराची बाजू सांगते. ‘मुलाला चित्र आवडते’ यात कर्ता कोणता, असा प्रश्न परीक्षेत आला तर अपेक्षित उत्तर ‘चित्र’ हेच असते. ‘आवडणारे काय’ ही कसोटी आणि ‘चित्र आवडते, चित्रे आवडतात, कविता आवडते’ असे बदलणारे क्रियापद, ही दोन्ही त्याच बाजूला आहेत. ‘मला भूक लागली’, ‘त्याला ताप आला’, ‘तिला गाणे आठवले’ ही सगळी एकाच घरची वाक्ये आहेत आणि परंपरेप्रमाणे ती कर्तरी प्रयोगाची आहेत. विद्यार्थ्यांना आधी हे निश्चित सांगावे आणि मतभेद नंतर दाखवावेत. दोन्ही एकदम सांगितले की परीक्षार्थी गोंधळतो, हा माझा अनुभव आहे.

उत्तर : पारपत्र

वरील सूचना परीक्षेपुरती योग्य आहे, परंतु ओळअक्षर यांचे विद्यार्थी भाषा बोलण्यासाठी शिकत आहेत, म्हणून त्या तिसऱ्या वाक्याला मला थोडा अधिक न्याय द्यावासा वाटतो.

‘मुलाला आपली आई आठवली’ हे वाक्य घ्या. क्रियापद ‘आई’शी जुळले आहे, म्हणून परंपरेप्रमाणे कर्ता ‘आई’. पण ‘आपली’ म्हणजे कोणाची? मुलाची. मराठीत ‘आपला’ हा शब्द साधारणपणे वाक्यातील कर्त्याकडे बोट दाखवतो. ‘मुलगा आपली वही शोधतो’ किंवा ‘मुलाने आपली वही शोधली’ या दोन्ही वाक्यांत वही मुलाचीच असते. तोच ‘आपला’ चतुर्थीतल्या मुलाकडेही वळतो, याचा अर्थ मराठी बोलणाऱ्याच्या मनात त्या वाक्याचा धनी काही अंशी ‘मुलगा’ हाच आहे. म्हणजे कर्तेपणाची एकच खूण नसते. क्रियापदाचे जुळणे ही एक, ‘आपला’ कोणाकडे वळतो ही दुसरी, आणि विभक्ती ही तिसरी. साध्या वाक्यात तिन्ही खुणा एका नामावर येतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. ‘आवडणे’, ‘आठवणे’ अशा क्रियापदांपाशी त्यांची फाटाफूट होते. भाषाभ्यासक अशा नामाला चतुर्थीतला कर्ता म्हणतात. हा प्रकार फक्त मराठीत नाही, बहुतेक भारतीय भाषांत आहे आणि दूरच्या आइसलँडिक भाषेतही तो ठळकपणे आढळतो.

आता जगाकडे पाहू. प्रथमेला प्रत्यय नसणे ही मराठीची लहर नाही. जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1963 मध्ये अनेक भाषांची तुलना करून जे सर्वसाधारण नियम मांडले, त्यांतील 38 वा नियम याविषयीच आहे. एखाद्या भाषेत विभक्ती असतील आणि त्यांतील एक नेहमीच प्रत्ययाविना येत असेल, तर ती अकर्मक क्रियापदाच्या कर्त्याची विभक्ती असते, असा त्याचा आशय आहे. यातील ‘अकर्मक’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. ‘मुलगा आला’ आणि ‘मुलाने चित्र काढले’ ही वाक्ये शेजारी ठेवली की दिसते की पहिल्यातील कर्ता आणि दुसऱ्यातील कर्म यांना एकच सरळरूप मिळाले आहे आणि सकर्मक क्रियेचा कर्ता वेगळा पडला आहे. या रचनेला अर्गेटिव्ह रचना म्हणतात. बास्क भाषेत ती सर्व काळांत चालते. ‘माणूस आला’ म्हणताना तेथे ‘गिझोना’ असे रूप येते आणि ‘माणसाने भाकरी खाल्ली’ म्हणताना ‘गिझोनाक’ असे ‘क’ लागलेले रूप येते. मराठी मात्र वर्तमानकाळात एका पद्धतीने आणि पूर्ण झालेल्या क्रियेसाठी दुसऱ्या पद्धतीने चालते.

‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ का लागत नाही, याचेही उत्तर येथे मिळते. मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी 1976 मध्ये दाखवून दिले की ज्या भाषांत अशी विभागणी असते, तेथे सकर्मक कर्त्याची वेगळी खूण नामांना आधी लागते, बोलणारा आणि ऐकणारा यांच्या सर्वनामांना ती लागत नाही किंवा सर्वांत शेवटी लागते. ‘मी’ आणि ‘तू’ हे करणारे असणे इतके स्वाभाविक आहे की ते वेगळे सांगावे लागत नाही. मराठी या बाबतीत अगदी नमुन्याबरहुकूम वागते.

ग्रीनबर्ग यांच्या नियमालाही अपवाद आहेत. पूर्व आफ्रिकेतील ओरोमो भाषेत कर्त्याच्या रूपाला खूण लागते आणि कर्म मोकळे राहते. अभिजात अरबीत तर आणखी वेगळे घडते. वाक्यारंभी ‘इन्ना’ हा शब्द आला की कर्ता आपली नेहमीची विभक्ती सोडून कर्माच्या विभक्तीत जातो. तो उद्देश्यच राहतो, तरीही विभक्ती बदलते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : ओळअक्षर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘आपला’ कोणाकडे वळतो ही कसोटी मी उद्याच वर्गात करून घेणार आहे. दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी की, ‘तो मराठी शिकला’, ‘ती साडी नेसली’, ‘मी ते विसरलो’ या वाक्यांत कर्म आहे, भूतकाळ आहे, तरीही ‘ने’ नाही, हे कसे? दुसरी शंका अशी की, प्रथमेला प्रत्यय नाही हे मराठीपुरते खरे, पण संस्कृतात ‘बालकः’ला विसर्ग आहे. तो वाटेत कुठे गेला?

उत्तर : सामान्यरूप

पहिल्या शंकेचे उत्तर असे की मराठीचा हा भूतकाळ संस्कृतच्या ‘पठितः’, ‘गतः’ अशा कृदन्तांवरून, म्हणजे धातूपासून बनलेल्या विशेषणासारख्या रूपांवरून, आलेला आहे. ‘बालकेन ग्रन्थः पठितः’ वरून ‘मुलाने ग्रंथ वाचला’ ही रचना आली आणि ‘बालकः गतः’ वरून ‘मुलगा गेला’ ही आली. शिकणे, विसरणे, बोलणे, म्हणणे, नेसणे, पिणे, जेवणे अशा काही मोजक्या धातूंनी सकर्मक असूनही दुसरी वाट धरली. त्यांतील बऱ्याच क्रिया पुन्हा करणाऱ्यावरच येऊन थांबतात. शिकणारा बदलतो, नेसणारा झाकला जातो, पिणाऱ्याच्या पोटात पाणी जाते. ही फक्त ओळखण्याची खूण आहे, पक्का नियम नव्हे, कारण ‘खाणे’ही तसेच असून ‘त्याने खाल्ले’ असेच होते. विद्यार्थ्यांकडून हे धातू पाठ करून घ्यावेत हे उत्तम.

उत्तर : पदच्छेद

दुसऱ्या शंकेविषयी. तो विसर्ग गेला नाही, शब्दात विरघळला. संस्कृत ‘-अः’चा प्राकृतात ‘-ओ’ झाला आणि अपभ्रंशात ‘-उ’. जुन्या मराठीत हे उकारान्त आणि ओकारान्त रूप प्रथमेची जिवंत खूण म्हणून वावरत होते. शके 1212 मधील, म्हणजे 1290 च्या ज्ञानेश्वरीच्या अखेरचे पसायदान आपल्या विद्यार्थिनीला अवश्य वाचून दाखवावे, कारण आपण येथे बोललो ते बरेचसे त्यातील दोन टोकांना सापडते. आरंभ ‘आतां विश्वात्मकें देवें’ असा आहे. पुढे ‘तोषावें’ हे क्रियापद येते, आणि तोषणारा देव तृतीयेत आहे, ‘देवें’ म्हणजे ‘देवाने’. शेवटी ‘येणें वरें ज्ञानदेवो सुखिया जाला’ असे येते. येथे सुखी होणारा ‘ज्ञानदेवो’ प्रथमेत आहे आणि त्याचा ‘ओ’ स्पष्ट ऐकू येतो. त्याच ओळीतल्या ‘वरें’ला पुन्हा तृतीया आहे, पण ते करण आहे, ‘या वराने’. म्हणजे एकच ‘एं’ एकदा कर्त्याला लागला आहे आणि एकदा साधनाला. ‘कर्तृकरणयोस्तृतीया’ हे सूत्र मराठीत इतक्या सुंदर रीतीने मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

तो ‘ओ’ पुढे ‘ज्ञानदेव’मध्ये गळून पडला. ‘घोडा’सारख्या शब्दांत मात्र तो अजून आहे. ‘घोटकः’वरून ‘घोडओ’, त्यावरून ‘घोडउ’ आणि शेवटी ‘घोडा’ असा हा प्रवास आहे, म्हणजे ‘घोडा’च्या शेवटच्या ‘आ’मध्ये जुन्या प्रथमेचा प्रत्यय मिसळलेला आहे. ‘घोड्याने’ म्हणताना तो ‘आ’ निघून जातो, त्याचे एक कारण हेच.